चीवरावरील शेत : पाली वाङ्मयातील साळ आणि अकोल्याची भातखाचरे

बौद्ध धम्म हा नगरांचा, श्रेष्ठींचा आणि व्यापारी मार्गांचा धम्म होता, असे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून वारंवार सांगितले जाते. राजगृह, श्रावस्ती, वैशाली, कौशांबी ही नावे, अनाथपिंडिकासारखे दायक आणि पश्चिम भारतातील घाटवाटांवर कोरलेली लेणी पाहता या विधानात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. परंतु तिपिटकाचे वाचन करणाऱ्याला पानोपानी भेटणारी उपमासृष्टी नगराची नाही, शेताची आहे. आणि त्यातही ती प्रामुख्याने भातशेताची आहे. भिक्खूच्या पात्रात पडणारे अन्न भाताचे होते, त्याच्या अंगावरील चीवराची रचना भातशेतावरून घेतली होती, आणि राज्यसंस्था कशी निर्माण झाली हे सांगताना भगवान बुद्धांनी साळीच्या दाण्याचीच कथा सांगितली. प्रस्तुत लेखात या उल्लेखांचा परामर्श घेऊन, ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या भातशेतीशी ताडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथातील शब्दाचा अर्थ कोशात सापडतो हे खरे. तथापि त्या शब्दामागील श्रमाचा अर्थ शेतात उभे राहिल्यावाचून लागत नाही.

शब्दांची साक्ष

मराठी वाचकाला पाली भाषा परकी वाटत नाही, याचा उत्तम प्रत्यय धान्याच्या शब्दांत येतो. पाली ‘सालि’ म्हणजे आपली साळ. ‘तण्डुल’ म्हणजे तांदूळ. ‘भत्त’ हा शब्द संस्कृत ‘भक्त’वरून आला आणि त्याचाच मराठीत ‘भात’ झाला. पालीत तो शिजवलेल्या अन्नाचा वाचक आहे. मराठीत मात्र शेतातील उभे पीक आणि ताटातील अन्न या दोहोंसाठी आपण तोच एक शब्द वापरतो. ‘थुस’ म्हणजे तूस, ‘भुस’ म्हणजे भुसा, ‘सुप्प’ म्हणजे सूप, ‘मुसल’ म्हणजे मुसळ, ‘उदुक्खल’ म्हणजे उखळ, ‘खल’ म्हणजे खळे आणि ‘नङ्गल’ म्हणजे नांगर. अकोल्यातील राजूर किंवा शेंडीच्या बाजारात आलेल्या एखाद्या वृद्ध शेतकरी बाईसमोर हे शब्द उच्चारले, तर त्यांतील बहुतेक तिला विनासायास कळतील.

पाली ग्रंथ सात धान्ये मोजतात : सालि, वीहि, यव, गोधूम, कङ्गु, वरक आणि कुद्रूसक. यांतील पहिली दोन भाताची आहेत. वीहि हे सर्वसाधारण भात, तर सालि हा प्रतिष्ठेचा, उत्तम प्रतीचा तांदूळ, असा सामान्यपणे भेद केला जातो. शाक्य कुळातील नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. बुद्धपित्याचे नाव सुद्धोदन. त्याच्या बंधूंची नावे सुक्कोदन, धोतोदन, अमितोदन अशी येतात. ‘ओदन’ म्हणजे शिजवलेला भात. शुद्ध भात, शुभ्र भात, धुतलेल्या तांदळाचा भात, अमाप भात अशी ही नावे. हिमालयाच्या पायथ्याच्या त्या लहान गणराज्यात संपन्नतेची कल्पना कशाभोवती केंद्रित झाली होती, हे त्यांवरून उघड होते.

मगधाचे शेत आणि भिक्खूचे चीवर

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एक प्रसंग येतो. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्खिणागिरीकडे चारिका करीत असताना त्यांना मगधाची शेते दिसली. त्या शेतांचे वर्णन करताना ग्रंथकार चार शब्द योजतो : अच्चिबद्ध, पाळिबद्ध, मरियादबद्ध आणि सिङ्घाटकबद्ध. अट्ठकथेच्या आधारे यांचा अर्थ असा लावला जातो : चौकोनी वाफ्यांनी बांधलेले, लांबी-रुंदीने लांब बांध असलेले, मधूनमधून आखूड बांध घातलेले, आणि बांध एकमेकांस छेदून जेथे चौक होतो अशा रचनेचे. बुद्धांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी अशा रचनेचे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवले. त्यातील लांब पट्टीला ‘कुसि’, आखूड पट्टीला ‘अड्ढकुसि’, मोठ्या तुकड्याला ‘मण्डल’ आणि लहान तुकड्याला ‘अड्ढमण्डल’ अशी नावे पडली. बुद्धांनी आनंदाच्या समजबुद्धीची प्रशंसा केली, असे विनय सांगतो.

यातील ‘पाळि’ हा शब्द लक्षणीय आहे. पाळि म्हणजे ओळ, रांग, कड, बांध. तळ्याची ‘पाळ’ आपण मराठीत आजही म्हणतो. हाच शब्द पुढे ग्रंथाच्या मूळ पाठाला आणि त्यातून भाषेला लावला गेला. ज्या भाषेत बुद्धवचन जपले गेले तिच्या नावात शेताच्या बांधाचाही एक अर्थ दडलेला आहे, हे पालीच्या अभ्यासकांनी विसरू नये.

चीवराचे तुकडे करण्यामागे व्यावहारिक कारण होते. कापलेल्या वस्त्राला बाजारात किंमत राहत नाही. चोराला त्याचा मोह पडत नाही. परंतु तुकडे कसेही जोडता आले असते. शेताचीच रचना का निवडली, याचे स्पष्टीकरण विनयात नाही. परंपरेने पुढे ‘पुञ्ञक्खेत्त’, म्हणजे पुण्याचे शेत, या कल्पनेशी त्याची सांगड घातली : दायक जे दान पेरतो ते संघरूपी शेतात रुजते. ही सांगड सुंदर आहेच. पण त्याहून साधा अर्थही संभवतो. भिक्खू स्वतः नांगर धरीत नाही. भूमी खणणे विनयाने त्याला निषिद्ध आहे. अशा माणसाच्या अंगावर अहोरात्र भाताच्या खाचरांचा नकाशा राहावा, म्हणजे आपले पात्र कोणाच्या श्रमाने भरते याचा त्याला विसर पडू नये.

हे चीवर पुढे जपानपर्यंत गेले. तेथे त्याला ‘केसा’ म्हणतात. हा ‘काषाय’ शब्दाचाच अपभ्रंश होय. त्याचे दुसरे नाव ‘फुकुदेन-ए’ म्हणजे पुण्यक्षेत्राचे वस्त्र, आणि आणखी एक नाव ‘देनसो-ए’ म्हणजे शेताच्या आकाराचे वस्त्र. झेन आचार्य दोगेन (1200–1253) यांनी चीवराच्या गुणांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. कापूस, ताग किंवा रेशीम, शीत किंवा उष्ण हवामान, यांनुसार वस्त्राची जात बदलली. परंतु मगधाच्या खाचरांचा आराखडा बदलला नाही. जपानी ग्रामीण माणसाला तो समजावून सांगावा लागला नसेल, कारण त्याच्या दारापुढे तेच दृश्य होते : बांधांनी विभागलेली, पाण्याने भरलेली चौकोनी खाचरे आणि त्यांच्या कडेला गावाचे विहार.

डांगाणातील भाताचे वर्ष

अहमदनगर जिल्ह्याचे नाव काढताच दुष्काळ, ज्वारी आणि ऊस हे शब्द ओठावर येतात. पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणाचे. पण याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला सह्याद्रीचा उभा कणा आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (1646 मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतील हा प्रदेश म्हणजे अकोले तालुक्याचे डांगाण. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. घाटघर आणि रतनवाडी येथे जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस पडतो. येथील बहुसंख्य शेतकरी महादेव कोळी समाजाचे असून भात, नागली, वरई आणि खुरासणी ही त्यांची परंपरागत पिके होत.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. पाली ग्रंथांतील ‘कोलिय’ गण आणि सह्याद्रीतील ‘कोळी’ यांचा केवळ नामसाम्यावरून संबंध जोडण्याचा मोह काहींना होतो. भाषाशास्त्र आणि इतिहास यांचा त्याला आधार नाही. या लेखातील तुलना वंशाची नसून कामाची आहे.

ते काम कसे चालते हे थोडे तपशिलाने पाहू. उन्हाळ्यात रोपासाठी ठेवलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळ पसरून ते जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते आणि राखेचे खत होते. पहिल्या पावसात राबावर बी पेरतात. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की खाचरात पाणी अडवून, नांगर फिरवून चिखलणी करतात. या कामाला डांगी बैल लागतो. अतिवृष्टीत आणि चिखलात टिकणारी ही गाईबैलांची जात या परिसराचे भूषण आहे, आणि राजूर येथे तिचे प्रदर्शन भरते. त्यानंतर आवणी. स्त्रिया ओळीने वाकून, पाठीवर पाऊस घेत, एकेक चूड चिखलात रोवतात. आवणी एका घराचे काम नव्हे. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सावड घालूनच ती उरकते. डोंगरउतारावर नवी खाचरे बांधण्यासाठी शेजारच्या जुन्नर-आंबेगाव भागातील याच समाजात ‘पडकई’ नावाची सामूहिक श्रमाची प्रथा आहे. जपानी खेड्यांत अशाच परस्पर श्रमविनिमयाला ‘युइ’ म्हणतात. भाताचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरते, म्हणून शेजाऱ्याशी वैर धरून भात पिकवता येत नाही. हा नियम मगधात, जपानात आणि अकोल्यात सारखाच लागू पडतो.

जपानशी अकोल्याचे आणखी दोन दुवे आहेत. 1953 साली भारत सरकारने ‘जपानी पद्धतीच्या’ भातलागवडीची देशव्यापी मोहीम सुरू केली. तिचे आरंभीचे प्रयोग मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. निवडक बियाणे, गादीवाफ्यावरील रोपे, ओळीत लागवड, एका चुडात थोडीच रोपे, खताची मात्रा आणि ओळींमधून कोळपणी, ही तिची सूत्रे. महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात ‘जपानी कोळपे’ हे अवजाराचे नाव आजही रूढ आहे. दुसरा दुवा विजेचा : घाटघर येथील 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प जपानच्या कर्जसाहाय्याने उभारला गेला आणि 2008 मध्ये कार्यान्वित झाला.

न संपणारे काम आणि ते करणारे हात

आता विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील एका संवादाकडे वळू. शाक्यकुमार महानाम आणि अनुरुद्ध या दोघा भावांपैकी एकाने प्रव्रज्या घ्यावी असे ठरते. सुकुमार अनुरुद्ध प्रव्रज्येला नाखूश असतो. तेव्हा महानाम त्याला गृहस्थाचे काम समजावून सांगतो : प्रथम शेत नांगरावे, मग पेरावे, मग पाणी आणावे, पाणी काढून द्यावे, तण काढावे, कापणी करावी, पीक वाहून आणावे, त्याची रास घालावी, मळणी करावी, पेंढा वेगळा करावा, भूस वेगळे करावे, उफणावे आणि घरी आणून साठवावे, पुढील वर्षी पुन्हा तेच. हे काम कधी संपते, असे अनुरुद्ध विचारतो. ते संपत नाही, आपले वाडवडील काम शिल्लक असतानाच गेले, असे महानाम उत्तर देतो. ते ऐकून अनुरुद्ध म्हणतो, मग घर तूच सांभाळ, मी प्रव्रज्या घेतो.

भातशेतीच्या वर्षाचे इतके क्रमवार वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. पाणी आणणे आणि पाणी काढून देणे ही दोन कामे वेगळी सांगितली आहेत, यावरून वर्णन करणाऱ्याला खाचराची चांगली ओळख होती हे दिसते. रोप उपटून पुन्हा लावण्याची, म्हणजे आवणीची, पायरी मात्र या यादीत स्वतंत्रपणे येत नाही.

तथापि व्याकरणाच्या विद्यार्थ्याचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जावयास हवे. या यादीतील बहुतेक क्रियापदे प्रयोजक आहेत. ‘कसापेतब्ब’, ‘वपापेतब्ब’, ‘लवापेतब्ब’, ‘मद्दापेतब्ब’. म्हणजे नांगरावे असे नव्हे, तर नांगरवून घ्यावे, पेरवून घ्यावे, कापवून घ्यावे, मळवून घ्यावे. महानाम शेतीचे जे ओझे वर्णन करतो ते देखरेखीचे ओझे आहे. प्रत्यक्ष चिखलात उतरणारे पाय ‘दास-कम्मकरां’चे, म्हणजे दासांचे आणि मजुरांचे होते, आणि संवादात त्यांचे नाव नाही. अनुरुद्धाला करवून घेण्याच्या नुसत्या कल्पनेने वैराग्य आले. ज्याला ते स्वतः करावे लागत होते, त्याला प्रव्रज्येचा मार्ग मोकळा होता काय? विनयाचे उत्तर ठाऊक आहे : दासाला, तो दास असेपर्यंत, प्रव्रज्या देता येत नव्हती. बुद्धांनी जात मानली नाही, उपालि न्हाव्याला शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या देऊन त्यांना त्याच्यापुढे वाकावयास लावले, हे याच प्रकरणात पुढे येते. पण दुसऱ्याच्या मालकीच्या माणसापुढे संघाचे दार अडले, हेही नमूद केले पाहिजे. श्रद्धेने वाचणे आणि डोळे उघडे ठेवून वाचणे यांत विरोध नाही.

अशाच एका परखड प्रश्नाला स्वतः भगवंतांनी सामोरे जावे लागले. मगधातील एकनाळा या ब्राह्मणग्रामात कसिभारद्वाजाचे पाचशे नांगर जुंपलेले असताना बुद्ध भिक्षेसाठी उभे राहिले. आम्ही नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही नांगर आणि पेर, असे तो म्हणाला. बुद्धांनी आपल्या शेतीचे रूपक मांडले : श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर. हे उत्तर सर्वश्रुत आहे. परंतु त्या प्रश्नाचा अवमान कोठेही केलेला नाही, ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. उपदेशाच्या मोबदल्यात पुढे केलेले अन्न बुद्धांनी नाकारले. फुकट खाण्याचा आक्षेप त्यांनी गंभीरपणे घेतला असल्याखेरीज हा नकार समजत नाही.

साठवण, मर्यादा आणि राजा

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात साळीची जी कथा आहे तिला राज्यशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान आहे. आरंभी न नांगरता, न पेरता उगवणारी, कोंडा आणि तूस नसलेली सुगंधी साळ होती. सायंकाळी तोडली की सकाळी पुन्हा उगवत असे. मग एका आळशी जीवाला वाटले, दोन वेळचे एकदमच आणावे. त्याचे पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचे आणले, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. साठवण सुरू झाली तेव्हा दाण्यावर तूस चढले आणि तोडलेले पुन्हा उगवेना. मग शेते वाटली गेली, बांध पडले. बांध पडल्यावर एकाने दुसऱ्याच्या वाट्यातले घेतले. चोरी, खोटे बोलणे आणि दंड निर्माण झाले. शेवटी लोकांनी आपल्यातील एकाला निवडून त्याला साळीचा वाटा देण्याचे ठरविले, तो महासम्मत. शेतांचा अधिपती म्हणून तो खत्तिय.

या कथेत राजा दैवी नाही आणि वर्ण ब्रह्मदेवाच्या मुखा-पायांतून निघालेले नाहीत. मूळ दोष साठवणीचा आहे. अकोल्याच्या इतिहासात या साठवणीला एक ओळखीचा चेहरा आहे : सावकाराचा. एकोणिसाव्या शतकात महसुलाची रोख मागणी आणि सावकारी यांच्या कात्रीत डांगाणातील भातशेती सापडली. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी 1840च्या दशकात जो उठाव केला त्याचा रोख इंग्रजी सत्तेबरोबरच सावकारांवर होता. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अग्गञ्ञसुत्तात दाण्यावर तूस चढते. येथे दाण्यावर व्याज चढले.

पाणी कोणाचे

शाक्य आणि कोलिय यांच्यामधून वाहणाऱ्या रोहिणी नदीचे पाणी एकाच बांधाने दोन्हीकडच्या शेतांत घेतले जात असे. ज्येष्ठात पिके सुकू लागली तेव्हा दोन्हीकडच्या मजुरांत प्रथम बोलाचाली झाली, नंतर हाणामारी आणि अखेर दोन्ही गण शस्त्रे घेऊन उभे ठाकले, असे धम्मपद-अट्ठकथा आणि कुणालजातकाची अट्ठकथा सांगतात. पाण्याचे मोल काय आणि माणसांचे मोल काय, हा बुद्धांचा प्रश्न तेथे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच पाणीतंट्याला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले. परंपरेतील चार दृश्यांची कथा त्यांना विवेकाला पटणारी वाटली नाही. शेतीच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी धम्माच्या उगमस्थानी आणून ठेवला, हे त्यांच्या अर्थशास्त्रीय दृष्टीला साजेसेच होते.

प्रवरेवर शेंडी गावाजवळ भंडारदरा येथे 1910 साली धरणाचे काम सुरू होऊन ते 1926 मध्ये पूर्ण झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन धरण म्हणून ओळखले गेले. पाऊस अकोल्याच्या डोंगरावर पडला. पाणी कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे गेले. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि 1950च्या सुमारास लोणी-प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु नदीच्या शिरोभागी असणाऱ्या भातकऱ्याची खाचरे पावसाळा सरताच कोरडी पडतात, आणि भात कापून झाला की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, ओतूरकडच्या बागायती भागात उतरतात. येथे युद्ध झाले नाही, शस्त्र उगारले गेले नाही. रोहिणीकाठचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

निवर्तनांचे दान

अकोल्याच्या दक्षिणेला जुन्नर आणि उत्तरेला नाशिक ही दोन मोठी लेणीकेंद्रे आहेत. त्यावरून अकोल्यात विहार होते असा निष्कर्ष काढता येत नाही. पण त्या लेण्यांतील लेखांवरून संघ आणि शेत यांचे नाते कळते. जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या आपल्या लेण्यातील भिक्खूंच्या अन्नासाठी अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले. कार्ल्याला वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. वर्षावासाचा काळ आषाढापासून आश्विनापर्यंतचा, म्हणजे नेमका भात शेतात उभा असण्याचा. जुने धान्य संपत आलेले आणि नवे पिकावयाचे, अशा दिवसांत संघ एका जागी राहत असे. त्यासाठी गावाचे उत्पन्न राखून ठेवावे लागले यात नवल नाही.

नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील दोन राजाज्ञा या संदर्भात विशेष बोलक्या आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष 18 मध्ये अपर-कखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले, दोनशे निवर्तने शेत तिरण्हु पर्वतावरील भिक्खूंना दिले. शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खोदू नये, अशा सवलतीही दिल्या. सहा वर्षांनी, वर्ष 24 मध्ये, राजा आणि राजमाता यांची दुसरी आज्ञा निघते. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी शंभर निवर्तने द्यावीत. त्या शेतात कोणते पीक होते ते लेख सांगत नाही. मात्र इतिहासाच्या दृष्टीने त्याची कबुली अमूल्य आहे. राजाने जमीन दिली, शिक्का दिला, सवलती दिल्या. पण गाव उठले आणि दान निष्फळ झाले. जमीन राजाला देता येते. पीक वस्तीच देते. ज्या काळात गावेच्या गावे ओस पडण्याची चिंता जपानच्या भातखेड्यांत आणि सह्याद्रीच्या पाड्यांत सारखीच व्यक्त होते, त्या काळात सातकर्णीचा हा लेख पुन्हा वाचण्याजोगा आहे.

बी जपणाऱ्या

चुल्लवग्गात आणि अंगुत्तरनिकायात भिक्खुनीसंघाच्या स्थापनेच्या प्रसंगी एक उपमा येते. बहरलेल्या साळीच्या शेतावर ‘सेतट्ठिका’ नावाचा रोग पडला की ते टिकत नाही; उसाच्या शेतावर ‘मञ्जिट्ठिका’ पडला की तेही टिकत नाही; तसेच स्त्रियांना प्रव्रज्या मिळाल्याने सद्धम्म दीर्घकाळ टिकणार नाही. या उताऱ्याच्या प्राचीनत्वाविषयी अनेक अभ्यासकांनी शंका घेतली आहे. कृषीच्या इतिहासाला त्याचा उपयोग आहेच. भाताचा आणि उसाचा रोग नावानिशी नोंदवणारा हा फार जुना उल्लेख होय. पण उपमा म्हणून ती शेताच्या अनुभवाशी जुळत नाही.

अकोल्यातील उदाहरणच घ्यावे. संकरित आणि सुधारित वाणांच्या काळात काळभात, जीरवेल, रायभोग, वरंगळ, आंबेमोहोर यांसारखे भाताचे जुने वाण मागे पडत गेले. ते पुन्हा गोळा करून जपण्याचे काम कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी समाजातील शेतकरी स्त्रीने आपल्या घरी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. ‘बाएफ’ संस्थेचे साहाय्य आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती यांमुळे त्या कामाला संघटित रूप आले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथेही साठवण आहेच. पण अग्गञ्ञसुत्तातील साठवण स्वतःच्या पोटासाठी होती आणि तिने साळीचे पुन्हा उगवणे थांबविले. ही साठवण पुन्हा पेरण्यासाठी आणि दुसऱ्याला देण्यासाठी आहे. साळीचे शेत स्त्रियांमुळे नासते की टिकते, याचे उत्तर कोंभाळण्याच्या मडक्यांत आणि कणग्यांत आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाली वाङ्मय हे प्राचीन भातशेतीचे एक महत्त्वाचे साधन असून त्यातील शब्द मराठीच्या कृषिसंज्ञांशी आजही जोडलेले आहेत. आपल्या विद्यापीठांतील पालीच्या विद्यार्थ्यांनी मावळ, डांगाण आणि कोकण येथील बोलींचे शब्दसंग्रह करावेत, कारण राब, आवणी, खाचर हे शब्द बोलणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. दुसरी, बुद्धांनी राजसत्तेची, मालमत्तेची आणि तंट्याची मीमांसा भाताच्या दाण्यावरून आणि शेताच्या पाण्यावरून केली; तो केवळ दृष्टान्त नव्हता, ऐकणाऱ्यांचे ते जगणे होते. तिसरी, संघाचे जीवन शेतावर उभे असूनही शेतात राबणारा हात आपल्या ग्रंथांत बहुधा अनामिक राहिला. त्याची दखल प्रयोजक क्रियापदाच्या आड शोधावी लागते.

आज आपल्या विहारांत वर्षावास साजरा होतो, खीरदान होते, चीवरदान होते. चीवर अर्पण करणाऱ्या उपासकाने आणि ते स्वीकारणाऱ्या भिक्खूने त्यावरील आडव्या-उभ्या शिवणीकडे क्षणभर पाहावे. त्या शिवणी म्हणजे बांध आहेत, आणि त्या बांधांच्या आत कोणी तरी गुडघाभर चिखलात उभे आहे. त्याचे पाणी, त्याचे बी आणि त्याचे गाव शाबूत राहिले, तरच पुण्यक्षेत्र या शब्दाला अर्थ राहील.